पाटाच्या अलीकडचा मूस

—त्या खुर्चीत नको हो साहेब, ती दिसते धड पण ऐन वेळी दगा देते. इकडे या, झोपाळ्यावर बसा, सावली आहे. आणि ती वही जरा बाजूला ठेवा, आधी हा केक घ्या. झुकिनीचा आहे. ऑगस्टच्या शेवटी या गावात झुकिनीशिवाय दुसरं काही मिळायचं नाही तुम्हाला; गाडी उघडी ठेवून दुकानात गेलात ना, तर परत येईस्तोवर मागच्या सीटवर कुणीतरी चार झुकिन्या टाकून गेलेलं असतं, तेव्हा काचा लावत जा. तर काय सांगत होते मी — हां, भयंकर. भयंकर जनावर आहे ते. फोनवर तुमच्या वन्यजीव खात्यातल्या त्या मुलीला सांगितलं तेच लिहून घ्या. मूस मी जन्मभर बघत आले, पण असा नर नाही पाहिला — घोड्याहून उंच, खांदा माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागतो, शिंगं म्हणाल तर डोक्याला दोन सुपं बांधल्यासारखी, आणि नाक असं लोंबतं की वाटावं कुणी बूट वितळवून चिकटवलाय. ग्लेंडाच्या — ग्लेंडा म्हणजे आमची टपालवाली — तिच्या अंगावर धावून गेला. सरळ! पिशवी टाकून पळाली बिचारी. माझी कपडे वाळत घालायची तार तोडली, आलुबुखाराचं झाड सोलून काढलं. माणसाच्या जिवाला धोका आहे साहेब, असं लिहा, धोका शब्दाखाली रेघ मारा. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, तुमच्याकडे भुलीची बंदूक आहे, ट्रेलर आहे — ट्रेलर नाही आणला? मग आलात कशाला, केक खायला? — नाही नाही, घ्या, घ्या अजून एक तुकडा — बरं, उद्या आणा. झोपवा त्याला, भरा, आणि लांब नेऊन सोडा. चांगला लांब, दोन डोंगररांगा ओलांडून. फक्त शनिवारच्या आत. — शनिवारच का? असंच. पाहुणे यायचेत माझ्याकडे. — कोण म्हणजे? पाहुणे हो! पाहुण्यांचीही नावं लिहायची असतात का वहीत?

तिकडे काय बघताय? ते होय, ते ऑर्लिन टफ्टचं घर. हो, तोच. तुमच्याच ऑफिसच्या शिकार-परवान्याच्या सोडतीत नाव निघालं त्याचं. तुम्ही सपाटीकडून बदलून आलात ना? कळतंच, बुटांवरून कळतं. मग तुम्हाला नियम पाठ असतील, पण माणसं माहीत नसतील. या भागात मूस-नराचे परवाने किती निघतात वर्षाला, धनुष्यबाणाचे? तीन. आणि अर्ज करणारे किती? अख्खा जिल्हा. दरवर्षी अर्ज करायचा, नाव नाही आलं की एक गुण जमा, पुढच्या वर्षी परत अर्ज, परत गुण — आणि एकदा का नाव आलं, मूस मिळो न मिळो, जन्मात परत अर्ज नाही. ऑर्लिनने सव्वीस वर्षं अर्ज केला. सव्वीस! या अर्जाच्या पायी त्याने दोनदा बढती नाकारली, कारण बढती म्हणजे शहरात बदली, आणि शहरात गेलं की डोंगर सुटला. मुलीचं लग्न सप्टेंबरात ठरत होतं तर म्हणाला, समज यंदाच नाव आलं तर? मुलीने फेब्रुवारीत लग्न केलं, बर्फात. आम्ही सगळे बर्फाचे बूट घालून चर्चमध्ये. नाव काही आलं नाही त्या वर्षी. यंदा मे महिन्यात आलं — त्रेसष्टाव्या वर्षी, गुडघे गेल्यावर.

आणि तेव्हापासून त्या घरात जे काही चाललंय ना साहेब, नोरीनलाच ठाऊक. नोरीन त्याची बायको. सोन्यासारखी बाई, फक्त जरा तोंडाने कमी, मग मलाच तिच्या वाटचं बोलावं लागतं. मूसला वास कळतो म्हणे माणसाचा, अर्ध्या मैलावरून. म्हणून ऑर्लिन बिनवासाच्या साबणाने आंघोळ करतो. कपडे धुवून खोक्यात ठेवतो, वर देवदाराच्या फांद्या. कांदा बंद, कॉफी बंद, घरात बेकन तळायचं नाही. जुलैपासून तो गॅरेजमध्ये झोपतो, का तर नोरीनच्या हाताच्या क्रीमला लव्हेंडरचा वास येतो! ती म्हणाली, अहो, छत्तीस वर्षं येतोय तो वास, तेव्हा नाही खुपला? तर म्हणाला, तेव्हा परवाना नव्हता. — हसताय? थांबा, ते डब्याचं ऐका. कॉफीचा रिकामा डबा घ्यायचा, बुडाला भोक पाडून बुटाची नाडी ओवायची, आणि नाडी ओली करून बोटांनी खाली ओढायची — त्यातून जो आवाज निघतो तो म्हणे माजावर आलेल्या मादीचा. रोज संध्याकाळी सहा ते सात. पहिल्या दिवशी मी सूपचं भांडं घेऊन धावले त्यांच्याकडे, मला वाटलं नोरीनला पोटशूळ उठला. आणि खरा नर मागच्या पाण्याच्या पाटापाशी उभा असायचा, मान वर करून क्षणभर ऐकायचा, आणि परत खायला लागायचा. म्हणजे बघा, ज्याच्यासाठी सव्वीस वर्षं रियाज करायचा त्याने अशी दाद—

कुठला नर म्हणजे? हाच. हो, हाच हो. — नाही, भयंकर आहेच तो. भयंकर जनावरंसुद्धा कधीतरी उभी राहतातच ना.

आता टेहळणीचं सांगते. टेहळणी म्हणजे शिकारीच्या आधी जनावर कुठं असतं, कुठून पाणी पितं, कुठं बसतं ते हेरून ठेवायचं, आणि गावाला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. जनावर हेरणं सोपं, गाव कठीण. आमच्याकडे माणूस डॉक्टरला खरं बोलेल, मरताना देवाला खरं बोलेल, पण मूस कुठं दिसला हे विचारल्यावर सख्ख्या भावाला खोटं सांगेल, आणि भावाला त्याचा राग येणार नाही, उलट खरं सांगितलं असतं तर भाऊ घाबरला असता, याला काही दुखणंबिखणं झालंय का म्हणून. रीतच आहे. भेटलं की विचारायचं, काय मग, दिसलं काही? समोरच्याने म्हणायचं, छे, यंदा काही नाही बघ, सगळे लांडग्यांनी नेले. म्हणजे समजायचं, दिसलं. आणि कुणी म्हणालं, हो हो, कटलर खिंडीत भरपूर आहेत, तर समजायचं, कटलर खिंड सोडून कुठंही बघा. ऑर्लिन तर उत्तरेच्या रस्त्याने बाहेर पडतो, पार धरणाला वळसा घालतो आणि दक्षिणेच्या डोंगरात जातो, वीस मैल जास्त. परत येताना पेट्रोलपंपावर गाडी धुतो, टायरसुद्धा, कारण कटलरची माती तांबडी आणि दक्षिणेला मेंढवाड्याकडची पांढरी, टायर बघून कुणीही ओळखेल. मी म्हणते धुवा, खुशाल धुवा! चिखल जातो टायरचा, पॅन्टच्या दुमडीतला कसा जाईल? नोरीन कपडे झटकते त्या पलीकडच्या कठड्यावर, खाली माझी जिरॅनियमची कुंडी. पांढरी धूळ. मला जूनमध्येच कळलं होतं कुठं जातोय ते. — नाही, कुणाला नाही सांगितलं. फक्त माझ्या बहिणीला. आणि ग्लेंडाला. ग्लेंडा सरकारी नोकर आहे, तिला सांगितलेलं बाहेर जात नाही.

तर अकरा कॅमेरे बांधलेत त्याने झाडांना. समोरून काही गेलं की आपोआप फोटो काढणारे. दर रविवारी फोटो बघायला बोलावतो, चर्चनंतर, दारं लावून. चार हजार फोटो झाले असतील. त्यातले तीन हजार ऑर्लिनचेच, कॅमेरा बघायला जाताना. बाकी अस्वलं, साळिंदर, एक गाय, आणि वाऱ्याने हलणारी फांदी. आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात — एकच फोटो, पहाटेचा, जरा हललेला — हा. डाव्या शिंगाला भोक आहे, कपाच्या बुडाएवढं, आरपार. ऑर्लिनने त्याचं नाव ठेवलं गव्हर्नर. बोट ठेवून म्हणाला, वेल्डा, हा. सव्वीस वर्षं मी याचीच वाट बघत होतो. मी म्हटलं, अरे हा असेल आठ-नऊ वर्षांचा, सव्वीस वर्षं कशी बघशील? तर नोरीनने माझ्या पायावर पाय दिला टेबलाखाली. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या. मग मीही गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे बघा.

त्यानंतर नर गायब. जुलै गेला, निम्मा ऑगस्ट गेला, अकरा कॅमेऱ्यांत एक फोटो नाही. ऑर्लिन वेडापिसा. कुत्र्याच्या खाण्याची चाळीस पौंडांची पोती पाठीवर बांधून चढ चढायचा, ताकद यावी म्हणून. आठवडाभर वर राहायचा, कड्यावर दुर्बीण लावून, काय तर थंड डब्यातली बीन्स खायची, शेकोटी नाही, धुराचा वास लागतो. दहा पौंड उतरलं वजन. आणि गव्हर्नर कुठं? काखेत कळसा म्हणतात ना! माझ्या मागच्या अंगणात. माझे वाटाणे खात. चार जुलैच्या दुसऱ्या दिवशी, फटाक्यांची कागदं वेचायला गेले तर आलुबुखाराखाली बसलेला, पाय मुडपून, जसा काही घरजावई.

सांगितलं ना! काय म्हणता, सांगितलं नाही का — त्याच दिवशी सांगितलं! ऑर्लिन गाडीत सामान भरत होता, कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, ऑर्लिन, तुझा गव्हर्नर माझ्या परसात आहे, भोक असलेला, ये आणि बघ. स्पष्ट शब्दांत. तर तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच हसला. डोळा मारला! म्हणाला, अर्थात वेल्डा, अर्थात. परसात. आणि टोपीला हात लावून गेला. — आता तुम्ही सपाटीचे, तुम्हाला नाही कळायचं. इथं मूस कुठं आहे हे कुणी न विचारता सांगितलं, म्हणजे ते दडवतायत. त्याने काय हिशोब केला माहितीय? वेल्डा म्हणते खाली, म्हणजे वेल्डाला कुणीतरी पढवलंय, म्हणजे तो वर आहे. वेल्डाचं परस दक्षिणेला, म्हणजे तो उत्तरेला. त्या आठवड्यात त्याने अकराच्या अकरा कॅमेरे सोडले आणि उत्तरेच्या डोंगरात नेऊन बांधले. नोरीनने मला सांगितलं. म्हणाली, वेल्डा, तू काय बोललीस गं त्याला, गेल्या चार वर्षांत एवढा खूश नव्हता.

हं? — हो, दाखवता आला असता. हात धरून नेता आलं असतं. खरंय. — हात धरून कसं नेणार हो, परका पुरुष! — फोटो? फोटो आहेत माझ्याकडे, नवऱ्याच्या फोनमध्ये, बरेच आहेत. पण त्या फोनचं मला नीट कळत नाही, ते उघडायला — तो तुमच्या हातात कुठून आला? टेबलावर होता? द्या इकडे. ते मी नाही, ते... तो झाडाचा फोटो आहे, माझा हात चुकून आलाय. हाताखाली नाक आलंय तेही चुकून.

बरं, ऐका. खरं सांगते, पण हे वहीत नको. एकदा ऑर्लिन आला होता माझं ओव्हनचं भांडं परत करायला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आणि तो तिकडे मागे, शेडपाशी, अंग घाशीत होता, मला पत्रा वाजलेला ऐकू येत होता. मी ऑर्लिनला इथंच बसवलं, तुम्ही बसलात तिथंच, आणि तासभर बोलले. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनचं सगळं सांगितलं, पहिल्या टाक्यापासून. बिचारा उठायचा, परत बसायचा. नोरीन म्हणते घरी जाऊन दोन तास झोपला. बोलायला मला कष्ट पडत नाहीत साहेब, पण त्या दिवशी पडले. कारण ऑर्लिन वाईट माणूस नाही. मे महिन्यात नाव आलं ना, तेव्हा तो आधी नोरीनकडे नाही गेला, आधी माझ्या दारात आला, हातात तो कागद. मग म्हणाला, गार्थ असता तर. एवढंच. गार्थ माझा नवरा. दोघं मिळून अर्ज भरायचे, माझ्याच टेबलावर, दर जानेवारीत. ठरलेलं होतं, एकाचं नाव आलं की दुसऱ्याने मांस वाहायचं. गार्थ गेला तेव्हा त्याचे चोवीस गुण होते. मी तुमच्या ऑफिसला फोन केला होता, ते गुण आता कुणाला मिळतात म्हणून. कुणाला नाही म्हणाल्या त्या बाई. फार गोड बोलल्या, पण कुणाला नाही. सासूची चांदी मिळते, नवऱ्याचं पेन्शन मिळतं, गुण मिळत नाहीत. — नाही नाही, तसलं काही मनात आणू नका, मी काही एवढी वेडी नाही की गार्थच आलाय मूस होऊन वगैरे. गार्थला सफरचंदं आवडायचीच नाहीत.

पण जनावर कसं उभं राहतं माहितीय? मी सकाळी बादली वाजवली की पाट ओलांडून येतो, सावकाश, एकेक पाय उचलून, नवे बूट घातलेल्या माणसासारखा, आणि कुंपणापाशी उभा राहून चघळत राहतो, आणि ऐकतो. सगळं ऐकतो. नोरीनच्या गॅरेजचं सांगितलं, ग्लेंडाच्या सुनेचं सांगितलं, चर्चच्या हिशोबात काय घोटाळा आहे तेही सांगितलं. कान हलवतो, एकदा हा, एकदा तो. मध्ये बोलत नाही, घड्याळ बघत नाही — तुम्ही बघितलंत आत्ता, मी पाहिलं. बत्तीस वर्षं गार्थशी बोलले, त्याने पेपर खाली ठेवल्याचं आठवत नाही मला. आणि वॉल्टर तर—

वॉल्टर. हं. निघून गेलं तोंडातून. कुणीतरी नाव द्यायला नको? गव्हर्नर काय नाव आहे, मत मागायला आल्यासारखं.

लिहायचं का थांबलात? — कुठली बादली? — अहो ती पडलेली सफरचंदं होती, कुजकीच, नाहीतरी टाकायचीच. फेकली तर कचरा, त्याने खाल्ली तर गुन्हा? — रोज नाही. पाऊस असला की नाही. — बरं, पावसातही. माणसांना घाबरतो का म्हणजे? छे! वॉल्टर कुणाला घाबरणार, माझ्या हातून घेतो, ओठांनी, इतका हळू की बोटाला ओलं तेवढं लागतं. म्हणूनच म्हणते, तुम्ही भुलीची बंदूकसुद्धा नका आणू, मी बादली घेऊन ट्रेलरमध्ये चढते, मागोमाग येईल. लांब नेऊन सोडा, मीही येते सोबत वाटलं तर, डबा करते.

काय?

परत सांगा. — लांब नेता येत नाही का? का नाही येत? — माणसाची सवय लागली म्हणून? मग जिथं सोडाल तिथं घरांपाशीच येणार, आणि कुणी बादली नाही वाजवली की तुडवणार. बरं. मग काय करता तुम्ही अशा वेळी, ज्याला सवय लागलीय त्याचं?

हं.

केक ठेवा खाली. नाही, राहू द्या, खा. खा.

म्हणजे तुमची ती गाडीतली बंदूक भुलीची नाहीच. आणि ट्रेलर विसरला नव्हतात तुम्ही. अंगावर धावून जाणारा आणि हातून खाणारा, दोन्ही एकच म्हणून — मी फोनवर धावून जाणारा म्हटलं, आणि आत्ता हातून खाणारा म्हटलं, आणि दोन्ही तुम्ही वहीत... दाखवा. दाखवा हो, माझंच बोलणं आहे ना. — रेघसुद्धा मारलीत. मीच सांगितली होती, बरोबर आहे.

तर आता मी काय सांगते ते लिहा. ग्लेंडाच्या अंगावर कुणी धावून गेलं नाही. ती स्वतःच्या बुटाच्या नाडीत अडकून पडली, तिला विचारा, हवं तर मी विचारून ठेवते आधी. कपड्याची तार मीच तोडली, ओली गोधडी टाकली होती. आलुबुखाराला कीड आहे. — साल कशी निघेल किडीने? मोठी कीड आहे. आणि हातून कुणी काही खात नाही. फोटोत तो नोरीनचा घोडा आहे. — शिंगं नव्हेत ती, मागचं झाड आहे. तुम्ही सपाटीचे, तुम्हाला इथली झाडं ठाऊक नाहीत.

कुठं निघालात? मागे कशाला? मागे काही नाही. वाटाणे होते, तेही संपले. साहेब, माझं घर आहे, मी बाई माणूस एकटी, अंगण आवरलेलं नाही, कपडे वाळत आहेत — हो, तार तुटलीय, जमिनीवर वाळत आहेत. बसा. बसा म्हणते ना. दोन मिनिटं. मी या दारातून हलणार नाही, आणि माझं वजन तुम्हाला दिसतंय.

तुम्हाला मी शहाणी वाटत नसेन, पण मी सगळं बघून ठेवलंय. त्या मागच्या पाटापर्यंत गावाची हद्द. अलीकडे जनावरावर बाण सोडला की गुन्हा. पलीकडे विलोची झाडी, आणि तिथून वर सगळा डोंगर ऑर्लिनच्या परवान्यातला. शनिवारी मोसम सुरू. तो अलीकडे आहे तोवर त्याला कुणी हात लावू शकत नाही, असं मला वाटत होतं, तुम्ही यायच्या आधी. आणि सफरचंदं सप्टेंबरच्या वीस तारखेपर्यंत पुरतात. पण मग माज येतो. वरून एकदा खऱ्या मादीने हाक दिली ना, की तुमची सफरचंदं आणि ग्लेंडाची सून, कशाची मातब्बरी राहत नाही. हा पाट तो एका ढांगेत ओलांडणार, मागे वळूनसुद्धा बघणार नाही, नवऱ्यांसारखाच. हे मला काय कळत नाही? म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मला वाटलं, सरकारी खातं आहे, जनावरांचं भलं बघत असेल. मला वाटलं लांब नेतील. गेला असता तरी मला दिसला नसता परत, पण कुठंतरी उभा आहे चघळत, एवढं कळलं असतं. एवढंच हवं होतं. माझ्यासाठी नाही— बरं, माझ्यासाठी. ऑर्लिनच्या सव्वीस वर्षांच्या वर मी माझे सात आठवडे ठेवले, चांगल्या शेजारणीने असं करू नये, हे मला देवही सांगेल आणि नोरीनही.

पण तुम्ही आणि ऑर्लिन यांतून निवडायचं झालं, तर ऑर्लिन बरा. का सांगू? त्याचा नेम मी पाहिलाय. मागे त्याने ते फोमचं हरीण उभं केलंय सरावाला. हरणाला भोकं सात, माझ्या शेडला नऊ. वॉल्टरला चार पाय आहेत, अर्धा मैल वास घेणारं नाक आहे, आणि ऑर्लिनच्या गुडघ्यांचा आवाज तर मला कुंपणापलीकडून येतो. सुटेल. नाही सुटला, तर निदान सव्वीस वर्षं त्याची वाट बघितलेल्या माणसाच्या हातून जाईल, दोन्ही घरांत हिवाळाभर ताटात येईल, आणि मी — मी नाही खाणार, पण मीठ मसाला बरोबर पडला का ते सांगायला जाईन. तुमच्या हातून कुठं सुटणार? तुम्ही दहा पावलांवरून, बादलीपाशी उभा असताना. आणि मग खड्डा. नाही साहेब. ते नाही.

वारा आहे तो. — वारा नाहीये, कबूल. मग मांजर असेल. — मांजर एवढी मोठी बादली पाडू शकतं, तुम्ही आमच्याकडची मांजरं पाहिली नाहीत.

बसा खाली. वही घ्या. नवीन पान. लिहा: घरमालकीण, वेल्डा क्रेन, वय अठ्ठावन्न, हिने मूस पाहिल्याची तक्रार केली ती खोटी निघाली. खोटी नको? बरं, भास. लिहा, एकटी राहते, डोळे अधू आहेत, घोडा आणि मूस यांत फरक कळत नाही. लिहा ना! — साहेब, या गल्लीत तीस वर्षांत माझी एक बातमी चुकलेली नाही. बँकेचा मॅनेजर पळाला हे त्याच्या बायकोच्या आधी मी सांगितलं. गार्थच्या छातीत काय आहे ते डॉक्टरच्या आधी मी सांगितलं, आणि तेव्हा चुकले असते तर बरं झालं असतं. उद्या तुम्ही हे पेट्रोलपंपावर सांगा, पोस्टात सांगा, की वेल्डाला घोडा मूस दिसला. लोक पंचवीस वर्षं हसतील. नाताळात माझ्या दारात शिंगं लावलेला घोडा आणून बांधतील, मी ओळखते ना यांना. हसू द्या. पुढे मी कुणाचं काही सांगायला गेले की म्हणतील, वेल्डा, तो घोडा नव्हता ना गं? आणि मला गप्प बसावं लागेल. कळतंय का तुम्हाला मी काय देतेय ते? मग लिहा.

बादली उद्यापासून वाजणार नाही. हो, शब्द. त्याला कळेल दोन-चार दिवसांत, हाकलून लावीन, पातेलं वाजवीन, दगड मारीन. लांबून मारीन. ते मी बघते, ते तुमच्या वहीचं काम नाही.

सही कुठं करू? इथं? — भास या शब्दाला वेलांटी-उकार काही नसतं ना, चुकायला नको. हं. झालं.

आता उठा. केक घेऊन जा सगळा, डब्यासकट, डबा परत आणू नका. आणि या पुढच्या दाराने, हो, पायऱ्यांनी, सरळ गाडीपर्यंत, मागे न बघता. बघू नका म्हटलं ना! काही आवाज नाही, काही चघळत नाहीये कुणी. गेट ओढून घ्या — नाही, आपटू नका, हळू. हळू हो. दचकतो तो.